टायटल ब्लॉकमध्ये एक, सिस्टिममध्ये भलतंच

या वेळचे प्रश्न जवळपास सगळे एकाच दुखण्याचे आहेत. ड्रॉइंग फाइलमधली, विशेषतः टायटल ब्लॉकमधली (ड्रॉइंगच्या कोपऱ्यातली माहितीची चौकट) माहिती, म्हणजे नंबर, शीर्षक, रेव्हिजन (सुधारित आवृत्तीची खूण), कोणी तपासलं वगैरे, आणि डॉक्युमेंट मॅनेजमेंट सिस्टिममधल्या (डीएमएस) रकान्यांतली माहिती, या दोघांचं काही केल्या जुळत नाही. प्रश्न थोडे छाटलेत, वैताग तसाच ठेवलाय. उदाहरणं बहुतेक ऑटोकॅडची आहेत कारण विचारणारे बहुतेक तिथलेच, पण सॉलिडवर्क्स किंवा मायक्रोस्टेशनवाल्यांनीही वाचायला हरकत नाही, रोग तोच आहे, फक्त बटणं वेगळी.

प्रश्न: मॅडम, आमच्याकडे टायटल ब्लॉकमध्ये रेव्हिजन सी लिहिलेली असते, डीएमएसमध्ये बी दिसते आणि साइटवर गेलेल्या पीडीएफवर अजून तिसरंच काहीतरी. आयटीवाले म्हणतात टू-वे सिंक लावून देतो, कुठेही बदला, दुसरीकडे आपोआप जाईल, विषय संपला. खरंच संपेल का? (डॉक्युमेंट कंट्रोल बघणारी एक वाचक)

उत्तर: नाही संपणार, उलट वाढेल. का ते सांगते, उत्तर जरा लांबेल.

आधी बघू की ही माहिती मुळात राहते कुठे कुठे. आपण 'ड्रॉइंगची रेव्हिजन' म्हणतो तेव्हा डोळ्यासमोर उजव्या खालच्या कोपऱ्यातलं ते अक्षर येतं, पण एकाच डीडब्ल्यूजी फाइलमध्ये (ऑटोकॅडची ड्रॉइंग फाइल) ती रेव्हिजन तीन ठिकाणी असू शकते. एक तर फाइलच्या नावातच कोणीतरी घुसवलेली असते. दुसरं ठिकाण म्हणजे ड्रॉइंग प्रॉपर्टीज, डीडब्ल्यूजीप्रॉप्स कमांड दिली की जी खिडकी उघडते ती, तिथे शीर्षक, विषय, लेखक, कीवर्ड असे ठरलेले रकाने आणि कस्टम टॅबवर आपण बनवू ते. आणि तिसरं म्हणजे टायटल ब्लॉकचं अ‍ॅट्रिब्यूट, म्हणजे त्या चौकटीतला स्वतःचं नाव (टॅग) असलेला भरायचा रकाना, जो खरं तर कागदावर छापून येतो. या तिघांचा एकमेकांशी आपोआप काहीही संबंध नसतो, तो आपणच फील्ड (दुसरीकडची माहिती वाचून दाखवणारा मजकूर) वगैरे टाकून जोडायचा असतो. शीट सेट (अनेक शीट एकत्र सांभाळायची सोय) वापरत असाल तर डीएसटी फाइलमधल्या कस्टम प्रॉपर्टीज हे चौथं ठिकाण. बाहेर डीएमएसचा रकाना पाचवा, आणि प्लॉट झालेली पीडीएफ सहावी, ती तर छापल्या क्षणी गोठते.

आता यातल्या कुठल्याही दोन ठिकाणांत टू-वे सिंक लावलं म्हणजे नक्की काय होतं? ड्राफ्ट्समनने सकाळी टायटल ब्लॉकमध्ये शीर्षक सुधारलं, डॉक्युमेंट कंट्रोलवाल्या ताईंनी दुपारी डीएमएसमध्ये तेच शीर्षक वेगळ्या पद्धतीने सुधारलं, रात्री सिंक चालला. कोण जिंकणार? ज्याने शेवटचा हात लावला तो. म्हणजे बरोबर कोण हा प्रश्नच नाही, उशिरा कोण हाच प्रश्न. आणि कोणालाही एरर दिसत नाही कारण सिस्टिमच्या दृष्टीने सगळं जुळलेलं आहे.

म्हणून माझं ठाम मत असं, की प्रत्येक रकान्याला एकच मालक ठरवा. अख्ख्या फाइलला नाही हं, एकेका रकान्याला. मालक म्हणजे ज्या जागी तो रकाना बदलायला परवानगी आहे ती जागा, बाकी सगळीकडे तो नुसता दिसणार, लिहिता येणार नाही. ड्रॉइंग नंबर डीएमएसने द्यावा, कारण डुप्लिकेट नंबर पकडायची ताकद त्याच्याकडेच आहे. रेव्हिजन, स्टेटस, कोणी मंजूर केलं आणि कधी, हेही डीएमएसकडे, कारण मंजुरीचा वर्कफ्लो तिथे चालतो आणि मंजुरीची नोंद जिथे होते तिथेच तिचं अक्षर ठरलं पाहिजे. स्केल, कागदाचा आकार, हे ड्रॉइंगचं, ते डीएमएसमध्ये बसून कोणी ठरवू शकत नाही. शीर्षकावर भांडणं होतात. मी तरी ते डीएमएसकडे देईन, कारण शोधाशोध शीर्षकावरूनच होते आणि एकाच पंपाच्या चार ड्रॉइंगला चार जणांनी चार स्पेलिंगं केली की शोध बोंबलतो, पण तुमच्याकडे डिझाइनवाले नाहीच ऐकत असतील तर ड्रॉइंगकडे द्या, चालेल, फक्त दोघांकडे देऊ नका.

चांगल्या सिस्टिममध्ये हे करायची सोय असतेच. ऑटोडेस्क व्हॉल्टमध्ये प्रॉपर्टी मॅप करताना, म्हणजे फाइलमधला रकाना व्हॉल्टमधल्या रकान्याशी जोडताना, दिशा निवडता येते, फाइलकडून व्हॉल्टकडे, व्हॉल्टकडून फाइलकडे किंवा दोन्ही. लोक घाईत 'दोन्ही' ठेवून पुढे जातात आणि मग आपल्यासारख्या सदरांना पत्रं लिहितात. सॉलिडवर्क्स पीडीएममध्ये डेटा कार्डवरचा रकाना फक्त वाचण्यापुरता करता येतो, प्रोजेक्टवाइजमध्ये अ‍ॅट्रिब्यूट एक्स्चेंजचे नियम लिहिता येतात.

कुठले रकाने घ्यायचे यावर अडकला असाल तर आयएसओ 7200 बघा, 2004 ची आवृत्ती. टायटल ब्लॉकमधले सक्तीचे रकाने त्यात आठच आहेत: ड्रॉइंगचा कायदेशीर मालक, ओळख क्रमांक, जारी केल्याची तारीख, शीट क्रमांक, शीर्षक, मंजूर करणारा, तयार करणारा आणि दस्तऐवजाचा प्रकार. गंमत म्हणजे रेव्हिजन त्यात ऐच्छिक आहे, आणि आपली अर्धी भांडणं तिच्यावरूनच. सुरुवातीला एवढेच आठ आणि रेव्हिजन सिंक करा. तीस-चाळीस रकान्यांचं मॅपिंग पहिल्याच दिवशी करणारे लोक मी पाहिलेत, त्यातले निम्मे रकाने रिकामे असतात आणि उरलेल्यांत 'लागू नाही' लिहिलेलं असतं.

रिकाम्यावरून आठवलं. एक नियम आत्ताच लिहून भिंतीवर लावा: रिकामी किंमत (किंमत म्हणजे रकान्यात भरलेला मजकूर) भरलेल्या किमतीवर कधीही लिहायची नाही. एखाद्या फाइलमध्ये टायटल ब्लॉकच नसेल तर सिंकला शीर्षक 'रिकामं' दिसतं, आणि तो इमानेइतबारे डीएमएसमधलं चांगलं शीर्षक पुसून टाकतो. 'टॅग सापडला नाही' आणि 'टॅग आहे पण रिकामा आहे' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, सिंक लिहिणाऱ्याला हे स्पष्ट विचारा.

प्रश्न: रात्रीचा सिंक जॉब लावल्यापासून रोज सकाळी शेकडो ड्रॉइंगचं नवीन व्हर्जन झालेलं असतं, कोणीही हात न लावता. सर्व्हरची जागा संपत आली आणि बदल नक्की कुठे झाला ते शोधताही येत नाही. काय चुकतंय?

उत्तर: तुमचा जॉब स्वतःच्याच शेपटीमागे धावतोय. तो फाइलमध्ये प्रॉपर्टी लिहितो, फाइल सेव्ह होते, सेव्ह झाली म्हणजे तिचा चेकसम (फाइलच्या मजकुरावरून काढलेला ओळखीचा आकडा) बदलला, आतली शेवटच्या बदलाची वेळही बदलली, डीएमएसला वाटलं नवीन फाइल आली म्हणून त्याने नवीन व्हर्जन केलं, नवीन व्हर्जन झालं म्हणून दुसऱ्या रात्री 'बदललेल्या फाइल्स' या यादीत ती परत आली. किंमत तीच होती तरी.

उपाय साधा आहे पण तो नीट करावा लागतो: आधी वाचा, तुलना करा, फरक असेल तरच लिहा. आणि इथेच बहुतेक जण फसतात कारण तुलना अक्षर न् अक्षर केली जाते. डीएमएसमध्ये शीर्षकाच्या शेवटी एक स्पेस असते, टायटल ब्लॉकमध्ये नसते, माणसाच्या डोळ्याला दोन्ही सारखं, प्रोग्रामला वेगळं. दोन शब्दांमध्ये दोन स्पेस, लहान-मोठी अक्षरं, लांब डॅश आणि छोटा डॅश, सगळं तसंच. तारखेचं तर विचारूच नका, 05/03 म्हणजे 5 मार्च की 3 मे हे मशीनच्या रीजनल सेटिंगवर ठरतं, म्हणून तारीख दोन्हीकडे वर्ष-महिना-दिवस अशी, 2025-03-05 या आयएसओ 8601 पद्धतीने ठेवा. टायटल ब्लॉकमध्ये दिसायला आवडत नाही म्हणतात लोक. सवय होते.

म्हणजे तुलना करायच्या आधी दोन्ही किमती एका साच्यातून काढायच्या: कडेच्या स्पेस उडवा, आतल्या जास्तीच्या स्पेस एक करा, तारीख एका रूपात आणा. त्यानंतरही फरक दिसला तर तो खरा फरक.

दुसरं, वेळेवर चालणारा जॉब मला मुळातच आवडत नाही. माहिती बदलते ती ठरावीक प्रसंगी, चेक-इन झालं (फाइल परत सिस्टिममध्ये जमा झाली), स्टेटस बदललं, मंजुरी मिळाली. त्या प्रसंगांना सिंक बांधा. चेक-इनला ड्रॉइंगच्या मालकीचे रकाने डीएमएसकडे जावेत आणि मंजुरीला डीएमएसच्या मालकीचे रकाने फाइलमध्ये जावेत. रात्रीचा जॉब ठेवायचाच असेल तर तो फक्त फरकांचा रिपोर्ट काढणारा ठेवा, लिहिणारा नको. जॉबला स्वतंत्र सर्व्हिस अकाउंट द्या आणि त्या अकाउंटने केलेलं सेव्ह परत सिंक चालू करणार नाही असं सेटिंग करा.

अजून काही गोष्टी तपासून घ्या, कारण जॉब एवढ्या फाइल्स सेव्ह करतोय म्हणजे त्याही घडत असणार. जॉब कुठल्या फॉरमॅटमध्ये सेव्ह करतोय? ऑटोकॅड 2018 पासून पुढच्या आवृत्त्या 2018 चा डीडब्ल्यूजी फॉरमॅट लिहितात, तुमच्या फाइल्स 2013 फॉरमॅटमध्ये असतील आणि जॉबने त्या गुपचूप 2018 करून ठेवल्या तर ऑटोकॅड 2017 वर अडलेल्या कन्सल्टंटकडे त्या उघडणारच नाहीत, आणि तो फोन तुम्हालाच करणार. फाइल ऑटोकॅडशिवाय दुसऱ्या लायब्ररीने लिहिली असेल तर उघडताना 'ही फाइल ऑटोडेस्कच्या सॉफ्टवेअरने सेव्ह केलेली नाही' असा इशाराही येऊ शकतो, त्याने काही बिघडत नाही पण लोक घाबरतात. आणि फाइलवर डिजिटल सही असेल तर एक अक्षर लिहिलं तरी सही बाद होते, म्हणून सही झालेल्या फाइल्स जॉबच्या यादीतून सरळ बाहेर काढा. शेजारी डीडब्ल्यूएल फाइल दिसत असेल म्हणजे ड्रॉइंग कोणीतरी उघडून बसलंय, तिला त्या फेरीत सोडून द्या, जबरदस्ती नको.

प्रश्न: मी लिस्पमध्ये (ऑटोकॅडमध्ये चालणारी प्रोग्रामिंगची भाषा) स्क्रिप्ट लिहिली, ब्लॉकचं नाव शोधते आणि अ‍ॅट्रिब्यूट वाचते. काही फाइल्समध्ये मस्त चालते, काहींमध्ये म्हणते टायटल ब्लॉक सापडलाच नाही. पण डोळ्यांना तर दिसतोय! स्टँडर्ड टेम्प्लेटच आहे सगळीकडे.

उत्तर: हा प्रश्न वाचून बरं वाटलं, कारण हा खरा डिटेक्टिव्हगिरीचा प्रश्न आहे. तुम्ही टेम्प्लेट सांगितलं नाहीत पण माझी पैज, टायटल ब्लॉक डायनॅमिक ब्लॉक आहे, आत ए0 ते ए4 असे आकार निवडायचा ड्रॉपडाउन आहे.

असं करा, न सापडणाऱ्या एका फाइलमध्ये त्या ब्लॉकवर लिस्ट कमांड चालवा आणि मग स्क्रिप्टला त्याचं कच्चं नाव छापायला लावा. लिस्टमध्ये कदाचित तुमचं ओळखीचं नाव दिसेल, पण स्क्रिप्टला मिळेल तारांकन, यू आणि पुढे एखादा आकडा, असलं काहीतरी अगम्य. डायनॅमिक ब्लॉकचा आकार मूळ सेटिंगपासून बदलला की ऑटोकॅड त्या जागेपुरती एक निनावी ब्लॉक डेफिनिशन बनवतं आणि इन्सर्टला (ड्रॉइंगमध्ये टाकलेल्या ब्लॉकला) ते निनावी नाव चिकटतं. म्हणजे ज्यांनी टेम्प्लेटमधला आकार जसाच्या तसा ठेवला त्यांच्या फाइल्समध्ये तुमची स्क्रिप्ट चालते आणि ज्यांनी ड्रॉपडाउनमधून दुसरा आकार निवडला तिथे आंधळी होते. तुमच्या 'काही चालतात काही नाही' चा पॅटर्न कागदाच्या आकाराशी जुळतो का बघा, नव्वद टक्के जुळेल. तोडगा म्हणजे नुसतं नाव न वाचता इफेक्टिव्हनेम ही प्रॉपर्टी वाचायची, ती मूळ नाव देते. निवड करताना निनावी नावांनाही यादीत घ्या, मग एकेकाचं इफेक्टिव्हनेम तपासा.

पण त्यात एक मेख आहे. हीच स्क्रिप्ट नंतर ऑटोकॅड कोअर कन्सोलवर, म्हणजे 2013 च्या आवृत्तीपासून सोबत येणाऱ्या त्या बिनचेहऱ्याच्या ऑटोकॅडवर, रात्रभर चालवायचा विचार असेल तर तिथे अ‍ॅक्टिव्हएक्स चालत नाही, व्हीएलए वाली सगळी फंक्शनं तिथे आडवी पडतात. मग डॉटनेटमध्ये लिहा, तिथे डायनॅमिक ब्लॉकच्या मूळ डेफिनिशनपर्यंत थेट जाता येतं आणि फाइल स्क्रीनवर न उघडता डेटाबेस म्हणून वाचता येते, शेकडो फाइल्सना तेच बरं.

डायनॅमिक ब्लॉक नसेल तर पुढचे संशयित. कोणीतरी टायटल ब्लॉक एक्सप्लोड केला (सुट्या तुकड्यांत फोडला) असेल. साधा एक्सप्लोड केला तर किमती उडून नुसते टॅगची नावं दिसतात, ते लगेच कळतं, पण एक्सप्रेस टूल्समधल्या बर्स्टने फोडला तर किमती साध्या टेक्स्टमध्ये बदलून जागच्या जागी राहतात, दिसायला ड्रॉइंग अगदी ठणठणीत आणि आत अ‍ॅट्रिब्यूट एकही नाही. याला उपाय म्हणजे ब्लॉक परत टाकणं, स्क्रिप्टच्या चलाखीने टेक्स्टच्या जागेवरून किंमत ओळखायच्या भानगडीत पडू नका, एकदा जमतं, मग कोणीतरी टेक्स्ट थोडं सरकवतं. तिसरा संशयित, टायटल ब्लॉक एक्सरेफ (बाहेरून जोडलेली दुसरी ड्रॉइंग फाइल) म्हणून जोडलेला. चौकट एक्सरेफ ठेवायला हरकत नाही, लोगो आणि रेषा एका जागी बदलता येतात, पण अ‍ॅट्रिब्यूटवाला ब्लॉक मात्र प्रत्येक ड्रॉइंगमध्ये स्वतःचाच हवा, एक्सरेफमधलं अ‍ॅट्रिब्यूट शीटनुसार बदलत नाही.

आणि सगळ्यात अवघड प्रकार शेवटी. एका डीडब्ल्यूजीमध्ये सहा लेआउट (छापायची पानं), सहा टायटल ब्लॉक, सहा शीट नंबर, आणि डीएमएसमध्ये त्या फाइलची नोंद एकच. तुमची स्क्रिप्ट पहिला सापडलेला ब्लॉक वाचून मोकळी होत असेल, आणि पहिला कुठला सापडेल याची काही खात्री नाही. इथे स्क्रिप्टने सुटणारा प्रश्नच नाही, ठरवावं लागतं: एक फाइल एक शीट, किंवा डीएमएसमध्ये फाइलखाली शीटच्या उपनोंदी. मी पहिल्याच्या बाजूची आहे. फाइल्स वाढतात, तक्रारी वाढतात, पण रेव्हिजन एकेका शीटची वाढवता येते, सहापैकी एका शीटमध्ये बदल झाला म्हणून उरलेल्या पाचांची रेव्हिजन उगाच पुढे सरकत नाही.

जाता जाता, टायटल ब्लॉकमध्ये नवीन टॅग वाढवलात तर जुन्या फाइल्समध्ये तो आपोआप येत नाही. अ‍ॅटसिंक चालवावं लागतं आणि ते चालवलं की कोणी हाताने बदललेली अक्षरांची रुंदी, उंची वगैरे मूळ पदावर येते, लांब शीर्षकं परत चौकटीबाहेर डोकावू लागतात. चालवायच्या आधी एका फाइलवर बघा.

प्रश्न: आम्ही फाइल्स शेअरपॉइंटवर ठेवतो. वर्डच्या फाइलमध्ये लायब्ररीचे कॉलम आपोआप आत दिसतात, मग डीडब्ल्यूजीमध्ये का नाही? काही सेटिंग राहिलंय का?

उत्तर: काही राहिलेलं नाही. ऑफिसच्या फाइल्सचं आतलं शेअरपॉइंटला कळतं म्हणून तो कॉलम आणि फाइलमधल्या प्रॉपर्टीज यांची देवाणघेवाण करतो. डीडब्ल्यूजी त्याच्यासाठी बंद डबा. मधे काहीतरी लागेलच, विकतचं अ‍ॅड-ऑन किंवा स्वतःचा प्रोग्राम.

प्रश्न: आमची टीम छोटी आहे, व्हॉल्ट वगैरे परवडणारं नाही. जुनी काहीशे ड्रॉइंग्ज आहेत, सगळ्यांचे नंबर-शीर्षक एक्सेलमध्ये दुरुस्त करून परत आत टाकायचेत. जमेल का?

उत्तर: जमेल. एक्सप्रेस टूल्समध्ये अ‍ॅटआउट आणि अ‍ॅटइन अशी जोडी आहे. अ‍ॅटआउट निवडलेल्या ब्लॉकची अ‍ॅट्रिब्यूट टॅबने वेगळी केलेल्या टेक्स्ट फाइलमध्ये काढतं, पहिल्या कॉलममध्ये त्या ब्लॉकचं हँडल, दुसऱ्यात ब्लॉकचं नाव, पुढे तुमचे टॅग. एक्सेलमध्ये किमती बदला, परत टेक्स्ट म्हणून सेव्ह करा, अ‍ॅटइन. हँडलवरूनच ते ब्लॉक ओळखतं म्हणून त्या कॉलमला अजिबात हात लावायचा नाही, हँडलच्या आधी एक अपॉस्ट्रॉफी दिसते तीही तशीच राहू द्या, नाहीतर एक्सेल हँडलला आकडा समजून त्याचं काहीतरी भलतंच करून ठेवतं. आणि हँडल त्या त्या ड्रॉइंगपुरतंच खरं असतं, एका फाइलची टेक्स्ट दुसऱ्या फाइलमध्ये अ‍ॅटइन करू नका.

खरा धोका एक्सेलचाच आहे. शीट नंबर 007 असेल तर त्याचा 7 होतो. 1-2 असं लिहिलेलं असेल तर त्याची तारीख होते. ड्रॉइंग नंबरमध्ये आकडा, मग ई अक्षर, मग परत आकडा अशी रचना आली तर एक्सेलला वाटतं ही वैज्ञानिक पद्धतीने लिहिलेली मोठी संख्या, आणि तुमचा नंबर गायब. म्हणून फाइलवर डबल क्लिक करून उघडायची नाही, एक्सेल आधी उघडून तिथून टेक्स्ट इंपोर्ट करायची आणि सगळे कॉलम 'टेक्स्ट' निवडायचे. मग काम सुरू.

अजून एक, रेव्हिजनचा क्रम एक्सेलवर सोडू नका. मजकूर म्हणून लावला तर 10 हा 2 च्या आधी येतो, म्हणून दोन आकडी लिहा, 02, 10. अक्षरं वापरत असाल तर एएसएमई वाय14.35 (ड्रॉइंगच्या रेव्हिजनचं अमेरिकन मानक) मध्ये आय, ओ, क्यू, एस, एक्स, झेड ही अक्षरं वगळलेली आहेत, वाचताना गल्लत होऊ नये म्हणून. वाय नंतर दुहेरी अक्षरं, एए पासून. तुमच्या डीएमएसला हा क्रम माहीत नसेल तर एच नंतर तो खुशाल आय देईल आणि मग टायटल ब्लॉक जे, सिस्टिम आय, परत तेच रडगाणं.

प्रश्न: डीएमएसमध्ये शीर्षक देवनागरीत आहे, नीट दिसतं. सिंक झाल्यावर ड्रॉइंगमध्ये फक्त प्रश्नचिन्हं येतात. डेटा खराब झाला का?

उत्तर: बहुतेक नाही झाला. टायटल ब्लॉकची टेक्स्ट स्टाइल एसएचएक्स (ऑटोकॅडचा स्वतःचा प्रकार) फॉन्टवर असणार, त्यात देवनागरी अक्षरंच नाहीत. स्टाइलला निर्मला यूआय किंवा मंगल असा ट्रूटाइप फॉन्ट द्या. अ‍ॅट्रिब्यूटवर डबल क्लिक केल्यावर एडिट खिडकीत मजकूर नीट दिसला म्हणजे आतला डेटा शाबूत आहे. मात्र फाइल 2007 च्या आधीच्या फॉरमॅटमध्ये सेव्ह होत असेल तर काळजी घ्या, युनिकोड त्या वर्षीच्या फॉरमॅटपासून आलं, त्याआधी अशी अक्षरं कोडच्या रूपात लिहिली जायची आणि बाहेरच्या प्रोग्रामला ते कोड अक्षरांऐवजी तसेच दिसू शकतात.

प्रश्न: सिस्टिममधून ड्रॉइंग डाउनलोड केलं की फाइलच्या नावाला मागे रेव्हिजन चिकटून येते आणि उघडलं की सगळे एक्सरेफ 'सापडले नाहीत'. प्रत्येक वेळी हाताने जोडतोय.

उत्तर: एक्सरेफ फाइलच्या नावावर आणि पाथवर चालतात. नाव बदललं की ते तुटणारच, त्यात ऑटोकॅडची काही चूक नाही. नावातून रेव्हिजन काढा. आयएसओ 19650-2 (बांधकाम प्रकल्पांतल्या माहिती व्यवस्थापनाचं मानक) मध्येही रेव्हिजन आणि स्टेटस हे फाइलला जोडलेला मेटाडेटा म्हणून कॉमन डेटा एन्व्हायर्नमेंटने (प्रकल्पाची सगळी माहिती ठेवायची सामायिक सिस्टिम) सांभाळायचे आहेत, म्हणजे ते नावात कोंबायची गरजच नाही. डाउनलोडच्या वेळी नाव बदलायचं सेटिंग अ‍ॅडमिनकडून बंद करून घ्या. पाथ रिलेटिव्ह ठेवा, ऑटोकॅड 2018 पासून नवीन एक्सरेफ तसाच जोडला जातो पण जुन्या फाइल्समध्ये पूर्ण पाथ अडकलेला असतो. बाहेर पाठवताना ईट्रान्समिट वापरा, जोडलेल्या फाइल्स सोबत येतात.

प्रश्न: आम्ही टायटल ब्लॉकमध्ये फील्ड टाकलेत, ते कस्टम प्रॉपर्टी वाचतात. सिंक प्रॉपर्टीमध्ये रेव्हिजन लिहितो. ऑटोकॅडमध्ये उघडलं की बरोबर दिसतं, पण ब्राउझरमधल्या व्ह्यूअरमध्ये आणि आपोआप निघणाऱ्या पीडीएफवर जुनीच रेव्हिजन. असं कसं?

उत्तर: तुमची मांडणी चांगली आहे, हेच मी बऱ्याच जणांना सुचवते: सिंकने प्रॉपर्टीत लिहायचं, टायटल ब्लॉकने ती नुसती वाचायची. टायटल ब्लॉक शोधायची कटकटच नको. फक्त फील्ड कसं वागतं ते लक्षात घ्या. फील्ड स्वतःचं शेवटचं उत्तर फाइलमध्ये साठवून ठेवतं. ऑटोकॅडमध्ये उघडलं, सेव्ह केलं, प्लॉट केलं किंवा रीजेन (ड्रॉइंग परत रेखाटायची कमांड) दिलं की ते परत मोजलं जातं, कुठल्या वेळी मोजायचं ते फील्डइव्हॅल या व्हेरिएबलवर ठरतं, मूळ किंमत 31 म्हणजे सगळ्या वेळी. पण तुमच्या सिंकने फाइल ऑटोकॅडमध्ये न उघडता मागच्या दाराने प्रॉपर्टी लिहिली. फील्डला कोणी उठवलंच नाही. व्ह्यूअर ते साठवलेलं जुनं उत्तर दाखवतो, पीडीएफ बनवणारा प्रोग्राम ऑटोकॅड नसेल तर तोही तेच छापतो.

म्हणून क्रम पाळा. मंजुरी, मग प्रॉपर्टी लिहिणं, मग त्याच जॉबमध्ये फील्ड अपडेट करून सेव्ह, आणि त्यानंतरच पीडीएफ. मधली पायरी कोअर कन्सोलवर अपडेटफील्ड देऊन होते. तारखेचं फील्ड तर फील्डइव्हॅलला जुमानतच नाही, त्याला अपडेटफील्डच द्यावं लागतं, त्यामुळे जारी केल्याची तारीख मी तरी आजची तारीख दाखवणाऱ्या फील्डमध्ये कधीच ठेवणार नाही, ती कस्टम प्रॉपर्टीत मजकूर म्हणून डीएमएसकडूनच यावी. टायटल ब्लॉकमध्ये चार हॅश दिसले तर फील्डला किंमत मिळत नाहीये, बहुतेक प्रॉपर्टीचं नाव बदललंय. आणि सिंक थेट अ‍ॅट्रिब्यूटमध्येही लिहीत असेल तर ते आधी बंद करा, फील्ड असलेल्या अ‍ॅट्रिब्यूटवर मजकूर लिहिला की फील्ड मरतं आणि साधं टेक्स्ट उरतं, पुढच्या रेव्हिजनला ते बदलणारच नाही.

ज्या जुन्या पीडीएफ चुकीच्या रेव्हिजनने बाहेर गेल्यात त्या सिस्टिममध्ये गुपचूप बदलू नका. त्या रद्द झाल्याची नोंद करा, नवीन पीडीएफ नवीन ट्रान्समिटलने (पाठवणीच्या नोंदपत्राने) पाठवा, आणि जुनी कोणाकोणाकडे गेली होती ती यादी त्या ट्रान्समिटललाच जोडा.